कोणतं ॲप वापरता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

आंबिया बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. "भाऊ, हे व्हिडिओ कोणत्या ॲपमधी करून राहिले तुम्ही?" विचारणारे कधी दुसरे अडते असतात, कधी लग्नाचं शूटिंग करणारे मित्र, कधी इंजिनिअरिंगची पोरं. प्रश्न रास्त आहे. काही अडत्यांसाठी मी रोजच्या भावाचा व्हिडिओ करतो: मोठा माल, मध्यम, बारीक, टनाचा भाव, आवक, वर दुकानाचं नाव, खाली गाळा नंबर. निकालाच्या दिवसांत क्लासेससाठी प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा अभिनंदनाचा व्हिडिओ असतो. लिलाव आटोपल्यावर थोड्याच वेळात सगळ्यांच्या स्टेटसला आपापला व्हिडिओ दिसतो, तेव्हा माझ्याकडे एडिटिंगला पोरं बसवली आहेत असं लोकांना वाटतं.

पोरं नाहीत आणि ॲपही नाही. मी कोड लिहितो. रिमोशन नावाची चौकट (फ्रेमवर्क) आहे, रिॲक्ट या वेबसाइट बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालणारी, २०२१ साली लोकांसमोर आलेली. वेबसाइटचं पान ज्या रीतीने बनवतात त्याच रीतीने तिच्यात व्हिडिओ बनतो. पायथॉन ही भाषा येत असेल तर मॅनिम हे असंच साधन आहे. ग्रँट सँडरसन यांनी आपल्या थ्री-ब्लू-वन-ब्राउन या गणिताच्या चॅनेलसाठी ते लिहायला घेतलं होतं. भावफलकासारख्या पाट्यांच्या कामाला मला रिमोशन बरं पडतं, कारण फॉन्ट, रंग, मांडणी हे सगळं ब्राउझर सांभाळतो.

नेहमीच्या एडिटिंगमध्ये टाइमलाइनवर क्लिपा टाकून कापाकापी चालते. इथे टाइमलाइन डोक्यात ठेवायची आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: अमुक नंबरच्या फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या त्या एका चित्राला, पडद्यावर काय दिसायला हवं? माझा उभा व्हिडिओ १०८० बाय १९२०, सेकंदाला ३० फ्रेम. दुकानाच्या नावाची पट्टी डावीकडून आत यायची असेल तर लिहायचं, की फ्रेम ० ला ती ४०० पिक्सेल बाहेर आणि फ्रेम २० ला जागेवर. मधलं गणित इंटरपोलेट नावाचं फंक्शन करतं. पण 'इथे थांब' हेही सांगावं लागतं. नाही सांगितलं तर पट्टी त्याच वेगाने पुढे जाते आणि फ्रेम ४० ला उजवीकडे ४०० पिक्सेलवर पोचलेली असते.

हालचालीला जरा उसळी हवी म्हणून स्प्रिंग नावाची सोय वापरतात, आणि भावाच्या व्हिडिओत नेमकी तीच महागात पडू शकते. आकडा शून्यापासून वर चढत भावावर थांबतो, हे सगळ्यांना आवडतं. रिमोशनची स्प्रिंग आहे तशी वापरली तर ती आधी १६ टक्क्यांच्या आसपास पुढे जाते आणि मग मागे येऊन स्थिरावते. समजा टनाचा भाव २५,००० आहे. अकराव्या फ्रेमला पडद्यावर २९,००० च्या वर आकडा असेल. कोणी तिथेच थांबवून स्क्रीनशॉट काढला आणि काटोलकडच्या शेतकऱ्याला पाठवला, की मग बसा समजावत. पट्टी उसळली तर चालेल, पैशाचा आकडा उसळता कामा नये. त्यासाठी डॅम्पिंग, म्हणजे उसळी दाबणारा आकडा, वाढवायचं किंवा पुढे जाणं बंद करणारा पर्याय चालू करायचा. एका ओळीचं काम आहे, पण ते कुठे करायचं हे बाजार माहीत असलेल्यालाच सुचतं.

व्हिडिओ तयार होताना आत काय चालतं तेही सांगतो, कारण अर्ध्या शंका तिथेच सुटतात. पडद्यावर न दिसणारा क्रोम ब्राउझर उघडतो, तो प्रत्येक फ्रेमचं चित्र काढतो आणि एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम ती चित्रं जोडून एमपी-फोर करतो. ही चित्रं ओळीने निघत नाहीत. अनेक टॅब एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेम काढत असतात. त्यामुळे वेबसाइटवर चालणारं सीएसएसचं (पानाची सजावट लिहायच्या भाषेचं) ॲनिमेशन इथे बिनकामाचं. ते घड्याळाकडे बघतं आणि इथे घड्याळ म्हणजे फक्त फ्रेमचा नंबर. निकालाच्या व्हिडिओत वरून रंगीत कागदाचे तुकडे पडतात, त्यांच्या जागा जावास्क्रिप्टच्या साध्या रँडमने ठरवल्या तर प्रत्येक टॅब आपल्या मनाने जागा ठरवतो आणि तुकडे पडायच्या ऐवजी लुकलुकतात. म्हणून रिमोशनचं स्वतःचं रँडम वापरायचं. त्याला एक बीज, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला आकडा किंवा शब्द, दिलं की कुठल्याही टॅबमध्ये उत्तर तेच.

आता कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा. छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवलेला असतो, नावं आणि मुहूर्त तेवढे बदलतात, तसंच. माझ्या फोल्डरमध्ये नावाची पट्टी आहे, भावफलक आहे, फोटोची चौकट आहे, पत्ता-फोनची शेवटची पाटी आहे. प्रत्येकाला बाहेरून माहिती द्यायची: नाव, भाव, रंग, भाषा. भाषा का, तर नागपूरच्या बाजारात एकाला मराठी हवं असतं, शेजारच्याला हिंदी, आणि आकडे तिसऱ्याच पद्धतीचे. यात एक गंमत आहे. ब्राउझरला मराठी पद्धतीने आकडा लिहायला सांगितलं तर तो १,२५,००० असं देवनागरीत लिहितो. हिंदी सांगितलं तर स्वल्पविराम तसेच, पण अंक इंग्रजी. तेव्हा अंकांची निवड भाषेवर न सोडता वेगळी ठेवलेली बरी.

नवीन पोरं इथे एक हौस करतात. पहिल्याच दिवशी सगळ्याला पुरून उरेल असा कंपोनंट लिहायला बसतात: फोटो असेल तर असा, नसेल तर तसा, लोगो डावीकडे, लोगो उजवीकडे. त्याला इतकी बटणं फुटतात की एक दाबलं की दुसरं बिघडतं. माझं मत विचाराल तर दोनदा सरळ कॉपी करा. तिसऱ्यांदा तीच गोष्ट लागली की मग कंपोनंट करा. तोवर नेमकं काय बदलतं आणि काय नाही हे कळलेलं असतं.

पण खरा घोळ दृश्यांमध्ये होत नाही, दोन दृश्यांच्या सांध्यात होतो. नावाची पाटी सरकून जाते आणि भावफलक येतो, हे सरकणं लिहायचं कुठे? पाटीच्या कोडमध्ये लिहिलं तर ती पाटी दुसऱ्या व्हिडिओत शेवटी वापरता येत नाही, कारण ती कायम निघून जायला बघते. भावफलकात लिहिलं तर तो पहिल्या जागी नेता येत नाही. म्हणून मी दृश्यांना शेजाऱ्याची खबरच लागू देत नाही. दृश्य उभं राहतं, आपलं सांगतं, संपतं. आधी कोण होतं, नंतर कोण येणार, ते सरकत येणार की विरघळत, हे तिसरं कोणी ठरवतं. रिमोशनमध्ये त्यासाठी ट्रान्झिशन-सीरिज आहे: दृश्य, सांधा, दृश्य, सांधा अशी माळ. सांधा कसा दिसणार हे एक आणि किती वेळात होणार हे दुसरं, या दोन गोष्टीही तिथे वेगळ्या दिलेल्या असतात. त्यामुळे उद्या एखाद्या अडत्याने आवकेची पाटी भावाच्या आधी मागितली तर दोन ओळींची अदलाबदल करायची, बस्स.

सांधा वेळ खातो, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. समजा चार दृश्यं आहेत, ९०, १५०, २४० आणि ९० फ्रेमची. बेरीज ५७०. मध्ये तीन सांधे, प्रत्येकी १५ फ्रेमचे. सांध्याच्या काळात दोन्ही दृश्यं एकदम पडद्यावर असतात, म्हणजे तो वेळ दोघांत मिळून एकदाच मोजला जातो. व्हिडिओ ५७० चा होत नाही, ५२५ चा होतो. साडेसतरा सेकंद. आवाजाची फाइल ५७० धरून वर वेगळी लावली तर पहिल्या सांध्यानंतर अर्धा सेकंद, दुसऱ्यानंतर एक सेकंद आणि शेवटच्या पाटीला पूर्ण दीड सेकंद मागे. पडद्यावर फोन नंबर आणि आवाज अजून बारीक मालाचा भाव सांगतोय. यावर उपाय म्हणजे प्रत्येक दृश्याचा आवाज त्या दृश्याच्या आतच ठेवायचा. मग दृश्य जिकडे सरकेल तिकडे आवाजही जातो. फक्त सांध्यात दोन आवाज एकमेकांवर चढतात, म्हणून बोलणं संपल्यावर निदान सांध्याइतक्या फ्रेम गप्प सोडायच्या. आवाजाची लांबी आधी मोजून दृश्याची लांबी त्यावरून ठरवायची सोयही आहे. व्हिडिओ तयार करायच्या आधी मेटाडेटा (लांबी वगैरे माहिती) काढणारं फंक्शन ते काम करतं. भाव रोज बदलतात, "एकवीस हजार पाचशे" म्हणायला "वीस हजार"पेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा ठोकळ लांबी धरून चालत नाही.

सांध्याचा आणखी एक नियम: तो शेजारच्या दृश्यापेक्षा लांब असू शकत नाही. दोन सांधे लागून ठेवता येत नाहीत. दोन्ही गोष्टी जरा विचार केला तर उघड आहेत, पण दृश्यांची यादी माहितीवरून आपोआप बनत असेल आणि एखाद्या दिवशी बारीक मालच आला नसेल, तर ते दृश्य गळतं आणि त्याच्या दोन बाजूचे सांधे एकमेकांना चिकटतात. म्हणून दृश्य आणि त्याच्या पुढचा सांधा अशी जोडीच यादीत टाकावी, शेवटचा सोडून.

कोणता सांधा वापरावा? रिमोशनमध्ये विरघळणं, सरकणं, पुसणं, खेळातल्या पत्त्यासारखं उलटणं, घड्याळाच्या काट्यासारखं गोल पुसत जाणं असे तयार प्रकार मिळतात. गिऱ्हाइकाला सगळे हवे असतात, एकाच व्हिडिओत. मी दोनच ठेवतो. भावामागून भाव येतो तेव्हा सरकणं, आणि शेवटच्या पाटीकडे जाताना विरघळणं. रोज बघणाऱ्याला सरकलं की कळतं पुढचा भाव आला. उलटणारा पत्ता लग्नाच्या व्हिडिओत शोभतो. तिथे तर गुलाबाच्या पाकळ्यांतून नवरदेव येतो, त्याला कोण अडवणार.

देवनागरीचं दुखणं वेगळं सांगायला हवं, कारण इंग्रजीत शिकवणारे याबद्दल बोलत नाहीत. एकेक अक्षर टाइप होत येणारं नाव सगळ्यांना हवं असतं. कोडला मात्र 'श्रद्धा' या नावात सात तुकडे दिसतात: श, हलन्त, र, द, हलन्त, ध, काना. तुकड्यातुकड्याने दाखवलं तर आधी श, मग पाय मोडलेला श्, मग अचानक श्र. प्रत्येक अक्षर वेगळं उडवत आणायचं ठरवलं तर त्याहून वाईट: वेलांटी एकटी पडते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून येते. 'वऱ्हाड'मधला अर्धा र तर ओळखू येत नाही. ब्राउझरमध्ये सेगमेंटर नावाची सोय आहे, ती अक्षरं माणसासारखी मोजते. तिथेही जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या क्रोमवर तेच कोड 'श्र'चे दोन भाग करतं. मी आता अक्षर सोडून शब्द हलवतो. शिरोरेषेसकट शब्द आला की डोळ्याला बरं वाटतं. डिझायनरने अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर तेही आधी शून्यावर आणतो, नाहीतर शिरोरेषेला भेगा पडतात.

चढत्या आकड्याचंही असंच. देवनागरी १ आणि ५ सगळ्याच फॉन्टमध्ये सारख्या रुंदीचे नसतात, त्यामुळे चढताना आकडा थरथरतो. प्रत्येक अंकाला ठरावीक रुंदीचा डबा दिला की थरथर थांबते. आणि फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवा. मी मुक्ता वापरतो. भाड्याच्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही, आणि नसला तर दुकानाच्या नावाच्या जागी चौकोन येतात.

लग्नाचं काम करणाऱ्या मित्रांना मी हे शिकू नका म्हणतो. लग्न एकदाच होतं, आजीच्या डोळ्यात पाणी कोणत्या क्षणी आलं हे माणसाने बघून ठरवायचं असतं, तिथे कोड कशाला? तोच आकार पुन्हा पुन्हा लागणार असेल आणि आतला मजकूर बदलत असेल, तरच यात पडा: भाव, निकाल, प्रवेशाच्या जाहिराती, गणेश मंडळाचे रोजच्या आरतीचे मानकरी.

सुरुवातीला खर्च काही नाही. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) टाकलेला कॉम्प्युटर हवा, रिॲक्टची तोंडओळख हवी. रिमोशन एकट्या माणसाला आणि तीन माणसांपर्यंतच्या कंपनीला फुकट आहे, त्याहून मोठ्या कंपनीला परवाना घ्यावा लागतो. मेच्या उन्हात दुपारी व्हिडिओ काढायला लावू नका. पारा पंचेचाळीसच्या वर असताना लॅपटॉप आपोआप मंद चालतो. रात्री लावा.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "आपोआपच होते तं पैसे कायचे?" म्हणून मी बिलाचे दोन भाग करतो. साचा बसवायचे एकदाच, जरा जास्त. मग रोजच्या व्हिडिओचे महिन्याला, कमी. साच्यात बदल हवा असेल तर तो लेखी मागायचा, कारण एका ओळीचा बदल दुसऱ्या दिवसापासून सगळ्या व्हिडिओंत दिसतो. भाव मात्र कोणीही फोनवरून गुगल शीटमध्ये भरू शकतो, आणि बहुतेक अडत्यांकडे ते काम आता त्यांचा मुलगा नाहीतर मुनीम करतो.