रजिस्टरमध्ये एक जास्त

इलेक्शन ड्युटीचे किस्से प्रत्येक मास्तरकडे असतात, माझ्याकडेही पाचसहा आहेत, पण हा एप्रिल २००९ च्या लोकसभेचा काही केल्या डोक्यातून जात नाही. मी केंद्राध्यक्ष, एरंडोल-पारोळा पट्ट्यातलं एक गाव, जिल्हा परिषदेची शाळा, वर पत्रे आणि बाहेर खान्देशातलं एप्रिलचं ऊन. पंखा होता पण लाइट नव्हती. सकाळी मॉक पोल, सील-बिल सगळं वेळेत झालं, कोतवालाने कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला, म्हटलं आजचा दिवस बरा जाणार.

अकराच्या सुमाराला एक आप्पा आले, सत्तरी कधीच ओलांडलेली, धोतर, टोपी, हातात काठी. यादीत नाव सापडलं, १७-अ च्या रजिस्टरवर अंगठा झाला, शाई लागली, चिठ्ठी दिली, तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटचं बटण दाबलं आणि आप्पा पुठ्ठ्यामागे गेले. आम्ही बीपची वाट बघतोय. बीप काही येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली, रांगेतून आवाज सुरू झाले. मी जागेवरूनच म्हटलं, आप्पा, निळं बटण दाबा. तर हे बाहेर येऊन थेट माझ्या टेबलासमोर उभे.

"मास्तर, एरंडोल कथं गयं?"

मला आधी वाटलं बुवा रस्ता विचारतोय, महामार्ग तर शाळेच्या मागेच होता. मग कळलं. बाहेर भिंतीवर उमेदवारांच्या यादीचा कागद चिकटवलेला, त्याच्यावर मतदारसंघ जळगाव असं होतं आणि नातवाने ते वाचून दाखवलेलं. "मन्हं मत एरंडोलनं शे, जयगावले मी काब्र देऊ?" म्हणजे जळगावला मी का म्हणून देऊ.

आता ह्याला काय सांगायचं? मतदारसंघांची फेररचना झाली, २००१ च्या जनगणनेवरून, २००८ मध्ये लागू झाली, लोकसभेचा एरंडोल गेला, आपल्या जिल्ह्यात जळगाव राहिला आणि रावेर नवीन आला, हे सगळं मी दोन वाक्यात सांगितलं. त्यात गंमत अशी की विधानसभेला एरंडोल शिल्लक होतंच, म्हणजे सहाच महिन्यांनी ऑक्टोबरात त्यांना एरंडोल परत मिळणार होतं, तेही सांगितलं, आणि तिथेच माझं चुकलं कारण आप्पा म्हणे मग मी तव्हाच येसू.

मग म्हणाले, सोनुसिंगपासून (म्हणजे १९७७ च्या खासदारापासून) एकबी मतदान टाळेल नही, दोन वर्षांमागे त्या मोरेला... आणि मी खुर्चीतून उठलोच. आप्पा, आत नाव नका घेऊ! दोन्ही पोलिंग एजंट लगेच ताठ. कारण २००७ च्या पोटनिवडणुकीत एरंडोलमधून निवडून आलेले राष्ट्रवादीचे वसंतराव मोरेच आता जळगावमधून उभे होते, समोर भाजपचे ए. टी. पाटील. म्हणजे आप्पांच्या ओळखीचं नाव मशीनवर होतं, कदाचित त्यांना ते हवंही असेल किंवा नसेल, पण मी केंद्राध्यक्ष, अवाक्षर काढता येत नाही.

पुस्तिका काढली. तेव्हा नोटा नव्हतं, ते २०१३ मध्ये आलं. रजिस्टरवर सही झाल्यावर मत द्यायचं नाही म्हटलं तर नियम ४९-ओ, शेरा लिहायचा आणि त्याखाली परत सही किंवा अंगठा घ्यायचा. ट्रेनिंगमध्ये ह्यावर मिनिटभर बोलले असतील, आम्ही तेव्हा चहा पीत होतो. शेरा लिहिला, अंगठा घेतला, आप्पा काठी टेकत निघून गेले. तेवढ्यात आमचा तिसरा अधिकारी पुढच्या बाईंसाठी परत बटण दाबायला निघाला, मी ओरडलो, थांब! लाल दिवा पेटलेलाच होता ना, मशीन आप्पांच्या मताची वाट बघत होतं, बाईंनी जाऊन त्याच्यावरच मत दिलं. असं चालतं, पुस्तिकेत तसंच लिहिलंय.

संध्याकाळी हिशोब केला तर रजिस्टरमध्ये एक जास्त, मशीनमध्ये एक कमी. १७-क मध्ये, म्हणजे मतांच्या हिशोबाच्या फॉर्ममध्ये, त्याला वेगळी ओळ असते पण तालुक्याला साहित्य जमा करताना टेबलावरचा पोरगा ऐकेचना, म्हणे सर टोटल जुळवा. मी म्हटलं जुळतेय बाबा, खालची ओळ वाच. त्याने आम्हाला बाजूला बसवलं आणि पुढच्यांच्या पेट्या घ्यायला लागला.

तिथे एक अव्वल कारकून होते, रिटायरमेंटला आलेले, त्यांनी माझी कर्मकथा ऐकली आणि हसत सुटले. आणि मग रात्री साडेअकराला, मच्छर मारता मारता, त्यांनी एरंडोलचा सगळा पाढा म्हणून दाखवला. १९७७ जनता पक्षाचे सोनुसिंग धनसिंग पाटील. १९८० आणि १९८४ काँग्रेसचे विजय नवल पाटील. १९८९ भाजपचे उत्तमराव पाटील, आणि इथे ते थांबले, म्हणे हे उत्तमराव म्हणजे १९५७ ला धुळ्याकडून जनसंघाच्या तिकिटावर आलेले, तेव्हा अख्ख्या देशात जनसंघाचे खासदार किती, चार! त्यातले एक वाजपेयी आणि एक आपल्या खान्देशचे. त्यानंतर बत्तीस वर्षांनी एरंडोल. १९९१ ला परत विजय नवल. १९९६, ९८, ९९, २००४ चारही वेळा भाजपचे एम. के. अण्णा पाटील. मग २३ डिसेंबर २००५, पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचं प्रकरण, लोकसभेने दहा खासदार काढले आणि त्या दहात आपल्या एका जिल्ह्याचे दोन, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. अण्णा. सगळा जिल्हाच बिनखासदाराचा! २००७ ला सुप्रीम कोर्टाने ती हकालपट्टी कायम ठेवली, त्याच वर्षी दोन्हीकडे पोटनिवडणूक, जळगावला भाजपचे हरिभाऊ जावळे, एरंडोलला मोरे. आणि खेळ खलास. मी बोटावर मोजलं, दहा निवडणुका आणि खासदार पाचच. त्यातल्या दहाही वेळा आप्पांनी बोटाला शाई लावून घेतलेली, आणि अकराव्यांदा मी शाई लावली ती फुकट गेली.

शेवटी एक नायब तहसीलदार आले, त्यांनी १७-क बघितला, बरोबर आहे म्हणाले, पोराला चार शब्द सुनावले. सुटलो म्हणून उठलो तर त्यांनी माझी केंद्राध्यक्षाची डायरी उघडली. घटनेच्या रकान्यात मी दुपारी उन्हाच्या भरात लिहिलेलं: मतदाराने मतदानास नकार दिला, कारण एरंडोल मतदारसंघ शिल्लक नाही. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, कारण कोणी विचारलंय?" खाडाखोड चालणार नव्हती, पूर्ण डायरी नवीन लिहा म्हणे. कोरा फॉर्म शोधण्यात अर्धा तास गेला, आमची एसटी बाहेर हॉर्न मारतेय, आतले पोलीसदादा झोपलेले, आणि मी रात्री अडीचला परत पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली, मतदारसंघाचे नाव: जळगाव.