डिस्ने वर्ल्डजवळचे परवडणारे थीम हॉटेल निवडताना

भारतातून आई-बाबा येणार असे ठरले की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचा, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या सहलीचा, विषय हमखास निघतो आणि त्यापाठोपाठ हॉटेल कोणते घ्यावे हा प्रश्न येतो. तिथल्या थीम पार्कच्या, म्हणजे उद्यानांच्या, तिकिटांचे दर आपल्या हातात नसतात, खाण्यापिण्यात काटकसर करून थोडेफारच वाचते. हॉटेलची निवड मात्र सर्वस्वी आपली असते, आणि दोन मुले, आई-बाबा व आपण दोघे अशा सहा जणांची सहल सुखाची होणार की नुसती दमछाक होणार हे बरेचसे त्या निवडीवर ठरते. आम्ही अटलांटाजवळ राहतो, तेथून मोटारीने एका दिवसात ऑर्लँडो गाठता येते, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन तिकडे जाणे होत असते आणि ओळखीच्या लोकांकडून विचारणाही होत असते. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे वाटले.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले तेव्हा आवारातली हॉटेले मोठी आणि महाग होती. बेताच्या खर्चात येणारी कुटुंबे दिवसभर उद्यानात हिंडून रात्री जवळच्या किसिमी गावाकडच्या १९२ क्रमांकाच्या महामार्गावरील मोटेलांत मुक्कामाला जात. अशा कुटुंबांसाठी डिस्नेने १९९४ मध्ये ऑल-स्टार स्पोर्ट्स आणि ऑल-स्टार म्युझिक ही हॉटेले उघडली, १९९९ मध्ये ऑल-स्टार मूव्हीज, २००३ च्या डिसेंबरात पॉप सेंच्युरी आणि २०१२ मध्ये आर्ट ऑफ ॲनिमेशन. या पाच हॉटेलांना तिथे ‘व्हॅल्यू रिसॉर्ट’ म्हणतात, आणि परवडणारे थीम हॉटेल, म्हणजे एखाद्या विषयाभोवती सजवलेले हॉटेल, हवे असेल तर प्रथम विचार याच पाचांचा होतो.

या हॉटेलांची घडण एकदा नीट समजून घेतली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. इमारती तीन-चार मजली आणि साध्या आहेत; बहुतेक खोल्यांची दारे उघड्या गॅलरीत उघडतात, म्हणजे मूळ बांधणी मोटेलचीच आहे. बहुतेक सजावट बाहेर केलेली आहे. ऑल-स्टार स्पोर्ट्समध्ये जिने टेनिसच्या चेंडूंच्या महाकाय डब्यांत दडवलेले आहेत, पॉप सेंच्युरीत तेच जिने बोलिंगच्या पिनांमध्ये, यो-योंमध्ये आणि रुबिकच्या ठोकळ्यांमध्ये आहेत, तर ऑल-स्टार म्युझिकचा पोहण्याचा एक तलाव गिटारच्या आकाराचा आहे. आतली खोली मात्र साधारण २६० चौरस फुटांची, नेटकी आणि बरीच साधी असते. म्हणून संकेतस्थळावरील रंगीबेरंगी छायाचित्रे पाहून खोलीबद्दल अंदाज बांधू नये. ज्या रंगरूपाचे आपण पैसे मोजतो त्याचा उपभोग अंगणात, तलावावर आणि येता-जाता घ्यायचा असतो. मुलांना ते मनसोक्त मिळते, आणि दुपारी खोलीत पडून राहणाऱ्या आजी-आजोबांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते.

पाचांपैकी पॉप सेंच्युरीबद्दल मला विशेष आपुलकी आहे. या हॉटेलात विसाव्या शतकातील १९५० ते १९९० ही पाच दशके मांडली आहेत. मूळ बेत संपूर्ण शतकाचा होता. १९०० ते १९४० या दशकांसाठी हॉटेलालगतच्या तळ्याच्या पलीकडे दुसरा अर्धा भाग उभा राहायचा होता आणि त्याचे बांधकामही सुरू झाले होते. परंतु ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतील पर्यटन एकदम ओसरले, तयार होत आलेल्या भागाचेही उद्घाटन लांबले आणि पलीकडचा भाग कित्येक वर्षे अर्धवट सांगाड्याच्या रूपात उभा राहिला. शेवटी त्याच जागेवर २०१२ मध्ये आर्ट ऑफ ॲनिमेशन झाले. दोन्ही भागांना जोडणारा पूल मात्र आधीच बांधलेला होता आणि त्याचे ‘जनरेशन गॅप ब्रिज’ हे नाव आजही कायम आहे. संध्याकाळी आई-बाबांना घेऊन या पुलावर आणि तळ्याकाठच्या सपाट वाटेवर अवश्य फिरावे. त्यासाठी काही मोजावे लागत नाही आणि उद्यानातल्या गर्दीनंतर तिथली मोकळी हवा फार बरी वाटते. पलीकडच्या हॉटेलातील अंगणेही चालत पाहून येता येतात, म्हणजे स्वस्त हॉटेलात राहून महाग हॉटेलाची सजावट मुलांना दाखवता येते.

पैशांच्या हिशेबात येथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो. आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये सहा जणांसाठी साधारण ५६५ चौरस फुटांचे ‘फॅमिली स्वीट’ आहेत. त्यांत झोपण्याची एक वेगळी खोली, दोन न्हाणीघरे, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो आणि त्यांची दारे बंदिस्त कॉरिडॉरमध्ये उघडतात. ‘द लायन किंग’, ‘कार्स’ आणि ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटांची सजावट इथे खोलीच्या आतही आहे, त्यामुळे मुले हरखून जातात. परंतु या स्वीटचे भाडे बहुतेक तारखांना पॉप सेंच्युरीतील दोन खोल्यांच्या एकत्रित भाड्याहून जास्त भरते. माझ्या मते आजी-आजोबा बरोबर असतील तर पॉप सेंच्युरीत एकमेकींना आतून दार असलेल्या दोन खोल्या मागाव्यात. त्यांना त्यांची खोली, त्यांचे न्हाणीघर आणि दिवा मालवण्याची त्यांची वेळ मिळते; मुलांना रात्री दूरदर्शन पाहायचे असेल तर कोणाची झोप मोडत नाही. आणखी बचत करायची असेल तर ऑल-स्टार म्युझिकमध्ये दोन खोल्या जोडून केलेले ५२० चौरस फुटांचे स्वीट आहेत, त्यांतही सहा जण राहतात आणि दोन न्हाणीघरे असतात. ते आर्ट ऑफ ॲनिमेशनपेक्षा स्वस्त पडतात आणि सहसा लोकांच्या नजरेतून सुटतात.

पॉप सेंच्युरीच्या खोल्यांचे २०१७-१८ च्या सुमारास नूतनीकरण झाले आणि एक मोठी सोय झाली. दोन पलंगांपैकी एक दिवसा भिंतीत उभा दुमडून ठेवता येतो आणि त्याच्या जागी जेवणाचे टेबल होते. दुपारच्या उन्हात उद्यानातून परत यावे, पलंग वर करावा, टेबलावर घरून आणलेल्या दशम्या, चटणी आणि दही मांडून सर्वांनी जेवावे आणि आई-बाबांनी दुसऱ्या पलंगावर तासभर पाठ टेकावी, हे तेवढ्याशा खोलीतही नीट जमते. खोलीत फ्रिज असतो, त्यामुळे दही-दूध टिकते. मायक्रोवेव्ह मात्र साध्या खोलीत नसतो; तो खालच्या फूड कोर्टमध्ये असतो आणि तिथे डबा गरम करून घ्यायला कोणी हरकत घेत नाही. हे आधी ठाऊक असले की भात-आमटीचे डबे न्यावेत की कोरडे पदार्थ, हे ठरवता येते. उद्यानातही स्वतःचे खाद्यपदार्थ नेता येतात, काचेची बरणी मात्र चालत नाही, हे कटाक्षाने शाकाहारी राहणाऱ्या पाहुण्यांना सांगितले की त्यांची निम्मी काळजी मिटते.

आता येण्या-जाण्याविषयी, कारण निवडीचा खरा कस इथेच लागतो. डिस्ने वर्ल्डच्या चार उद्यानांपैकी मॅजिक किंग्डमला स्वतःच्या मोटारीने गेल्यास वाहन दूरच्या तळावर लावावे लागते आणि तेथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळ्याच्या पलीकडे प्रवेशद्वाराशी पोहोचावे लागते. आवारातील हॉटेलांच्या बस मात्र थेट प्रवेशद्वारापाशी सोडतात. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही. शिवाय आवारातील हॉटेलात राहणाऱ्यांना चारही उद्यानांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. ऑर्लँडोच्या उन्हाळ्यात सकाळचा तो अर्धा तास दुपारच्या दोन तासांच्या तोडीचा ठरतो, मात्र त्यासाठी सर्वांना वेळेवर आवरून बाहेर पडावे लागते. घरातील मंडळी सकाळी निवांत चहा घेऊन नऊनंतरच निघणारी असतील तर या सवलतीसाठी जास्त भाडे मोजू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

तिन्ही ऑल-स्टार हॉटेले एकमेकांना लागून आहेत आणि गर्दी नसलेल्या मोसमात एकच बस तिघांचे प्रवासी घेते. ती आधी स्पोर्ट्सला, मग म्युझिकला आणि शेवटी मूव्हीजला थांबते, म्हणून मूव्हीजच्या थांब्यावर येईपर्यंत बसायला जागा उरलेली नसते असे होते. एवढ्यासाठी तिघांमध्ये भाडे सारखे असल्यास मी स्पोर्ट्सकडे झुकतो. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन यांना तळ्याकाठी स्कायलायनर या रोपवेचे, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचे, सामाईक स्थानक आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झालेली ही सेवा मध्ये एकदा पाळणा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन उद्यानांत नेते. पाळणे सतत येत असल्यामुळे बसची वाट पाहत उभे राहावे लागत नाही, आणि व्हीलचेअरवरच्या माणसांना थांबलेल्या पाळण्यात चढण्याची वेगळी सोय आहे. दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. मॅजिक किंग्डम आणि ॲनिमल किंग्डम येथे जायला बसच धरावी लागते, आणि विजा कडाडू लागल्या की पाळणे बंद ठेवतात. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी वादळी पाऊस हा नित्याचा प्रकार असल्याने त्या महिन्यांत परतीची वेळ थोडी सैल धरावी.

आवाराबाहेरील हॉटेल रात्रीच्या भाड्यात निश्चितच स्वस्त दिसते. तुलना करताना त्या आकड्यात रोजचे रिसॉर्ट शुल्क (भाड्याशिवाय हॉटेल आकारते ती सक्तीची रक्कम), हॉटेलच्या पार्किंगचे पैसे आणि उद्यानाच्या वाहनतळाचे दिवसाला तीस-पस्तीस डॉलर मिळवून पाहावेत. डिस्नेच्या हॉटेलांत वेगळे रिसॉर्ट शुल्क नाही, आणि २०२३ पासून मुक्कामी पाहुण्यांना हॉटेलात व उद्यानांत दोन्हीकडे साधे पार्किंग विनामूल्य आहे. कर मात्र सगळीकडेच भाड्यावर जिल्ह्यानुसार साडेबारा ते साडेतेरा टक्के लागतो. ऑल-स्टारची खोली मंदीच्या मोसमात दीडशे डॉलरच्या आसपास मिळते आणि नाताळात तिचेच भाडे दुपटीच्या घरात जाते, म्हणून मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन नसेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर पाहावा. मोठे कुटुंब असेल, आठवडाभराहून जास्त मुक्काम असेल आणि रोज उद्यानात जायचे नसेल, तर स्वयंपाकघर असलेले बाहेरचे भाड्याचे घर अधिक चांगले, यात मला शंका नाही. दोन-चार दिवसांसाठी मात्र वरील हिशेब मांडल्यावर फरक फारसा उरत नाही.

सहलीचा मुख्य भाग ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या उद्यानांत असेल तर डिस्नेच्या आवारात राहण्यात अर्थ नाही. तिथे २०१४ मध्ये उघडलेले कबाना बे हे १९५०-६० च्या दशकांतील अमेरिकन समुद्रकिनाऱ्यावरच्या मोटेलांच्या धर्तीवर सजवलेले हॉटेल आहे. त्याच्या स्वीटमध्ये बेसिन, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असलेला ओटा मिळतो, आणि व्होल्कॅनो बे या जलउद्यानात तेथून चालत जाता येते. एपिक युनिव्हर्स हे नवे उद्यान २२ मे २०२५ रोजी सुरू झाले, त्याच्या शेजारी स्टेला नोव्हा आणि टेरा लुना ही अवकाशाच्या थीमची दोन स्वस्त हॉटेले त्याच वर्षी आली. या स्वस्त हॉटेलांच्या भाड्यात रांगा टाळण्याचा एक्स्प्रेस पास मिळत नाही, तो फक्त महाग हॉटेलांबरोबर येतो. पार्किंगचे पैसेही तिथे वेगळे पडतात.

आरक्षण करताना दोन विनंत्या आवर्जून नोंदवाव्यात. पहिली, मुख्य इमारतीजवळची खोली. पॉप सेंच्युरीचा पसारा २,८८० खोल्यांचा आहे, आणि टोकाची इमारत मिळाली तर फूड कोर्ट आणि बसथांबा गाठेपर्यंत वयस्क माणूस दिवस सुरू होण्याआधीच थकतो. जवळच्या खोल्यांना थोडे जास्त भाडे असते, आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर हाच जास्तीचा खर्च मी सर्वांत आधी मंजूर करतो. दुसरी विनंती वरच्या मजल्याची. लिफ्ट सर्व इमारतींत आहे, आणि तळमजल्यावर खिडकीसमोरून तलावावरून परतणारी मुले रात्री उशिरापर्यंत धावत जातात, त्यामुळे पडदा उघडता येत नाही आणि झोपही नीट लागत नाही.

आई-बाबांचा व्हिसा अजून हातात नसेल तर तिकिटांसह पॅकेज घेऊ नये, केवळ खोली आरक्षित करावी. त्यासाठी एका रात्रीचे भाडे आगाऊ भरावे लागते आणि मुदतीत रद्द केल्यास ते परत मिळते. मुलाखतीची तारीख पुढे गेली, तर मुक्कामाच्या तारखा बदलून घ्याव्यात आणि उद्यानांची तिकिटे ते अमेरिकेत पोहोचल्यावरच काढावीत.