मोऱ्या मोजत व्हेगसला

लॉस एंजेलिसहून लास व्हेगसला जाणाऱ्या आय-१५ महामार्गाबद्दल फारसं चांगलं कुणी बोलत नाही. साधारण २७० मैलांचा रस्ता, त्यातला मोठा भाग मोहावीच्या वाळवंटातून. शुक्रवारी संध्याकाळी अर्धं शहर जुगाराला निघाल्यासारखं त्यावर उतरतं आणि गाडी न चालवणारे सगळे झोपून जातात. मार्चमध्ये आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या सीटवर बाबा होते. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. कुठल्याही देशात गेले तरी पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, एवढंच ते आधी बघतात. आई मागे, चिवड्याच्या डब्यासकट.

सॅन बर्नार्डिनो मागे पडलं की काहोनचा घाट सुरू होतो. बाजूने लांबच लांब मालगाड्या घाट चढत असतात. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीच्या कवचातली प्रचंड भेग, याच खिंडीतून गेलाय, आणि डावीकडे तिरपे उभे राहिलेले वालुकाश्म बघितले की जमिनीला किती रेटा बसला असेल ते कळतं. चार हजार फुटांवरचा माथा ओलांडला आणि हिरवा रंग संपला. पॅसिफिकवरून येणारे ढग या डोंगरांच्या अलीकडेच रिकामे होतात. बाबा म्हणाले, "महाबळेश्वर झालं, आता माण-खटाव सुरू."

त्यांना सगळ्यात आवडली ती मोहावी नदी. सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांत उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून वाळवंटात शिरते. बहुतेक वाट वाळूखालून. व्हिक्टरव्हिलपाशी खडक आडवा येतो म्हणून पाणी वर येतं. तिथे कॉटनवूडची झाडी दिसते. बारस्टोच्या पुढे हीच नदी पुन्हा ओलांडली तर पुलाखाली नुसतं रुंद, कोरडं पात्र. "खाली वाहतेय," बाबा ठामपणे म्हणाले. आईने वाकून बघितलं आणि चिवडा पुढे केला.

बारस्टोला पेट्रोल भरून घ्यावं, बाकी थांबण्यासारखं मला तिथे काही वाटत नाही. पुढे डावीकडच्या डोंगरावर कॅलिको हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं. १८८१ मध्ये चांदीसाठी वसलेलं आणि चांदीचा भाव पडल्यावर ओस पडलेलं गाव. आता तिथे तिकीट काढून जातात. डोंगराचे रंग मात्र फुकट, गेरूपासून मळकट हिरव्यापर्यंत, आणि ते महामार्गावरूनच जास्त छान दिसतात.

इथून खरी गंमत सुरू झाली. प्रत्येक घळीच्या तोंडाशी गोटे आणि वाळूचा पंखा पसरलेला. शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळून डोंगराच्या पायथ्याशी मैलोन् मैल लांब उतरण झालेली. मला ती नुसती माळरानं वाटत होती. बाबांनी बोटाने दाखवलं: मोठे धोंडे वर, घळीजवळ; बारीक वाळू खाली; आणि गाळ पार मधल्या सपाटीवर. पाण्याचा जोर जसा ओसरत गेला तसं सामान खाली ठेवत गेलं. वाऱ्याला हे जमत नाही, हे पुराचंच काम. मग त्यांनी मोऱ्या मोजायला घेतल्या. या कोरड्या रस्त्याला छोटे पूल आणि मोऱ्या विलक्षण संख्येने आहेत, आणि पुलांवर ओढ्यांच्या नावांच्या पाट्याही आहेत. उतारावर जोराची सर आली तर तासाभरात इथून लोंढा येतो, तो रस्त्याखालून काढून द्यायला हवा. चाळीसच्या आसपास गेल्यावर त्यांची मोजणी चुकली, कारण आईने काहीतरी विचारलं. त्यावरून पाच मिनिटं गाडीत वातावरण गरम होतं.

बेकरच्या अलीकडे उजवीकडे पांढरी सपाटी चमकते. सोडा लेक. हिमयुगात मोहावी नदी इथे भलं मोठं तळं भरायची. आता क्षार आणि चिखलाचा पापुद्रा. काठावर झायझिक्स नावाची जागा आहे, तिथले झरे अजून जिवंत आहेत, आणि मोहावी टुई चब ही दुर्मीळ मासोळी तिथेच तगून राहिली. वाळवंटात मासे! यासाठी महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने जावं लागलं आणि तो वळसा मी पुन्हा घ्यायला तयार आहे.

बेकरमध्ये १३४ फूट उंच तापमापक आहे. १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस नोंदलं गेलं, त्याची आठवण. फोटो काढला, निघालो.

बेकर साधारण ९३० फुटांवर, आणि पुढची माउंटन पास खिंड ४,७३० फुटांवर. चढावर गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या लागतात. मधल्या शॅडो व्हॅलीत जोशुआ ट्री दिसू लागतात. हात वर करून उभी राहिलेली वेडीवाकडी माणसं जणू. खिंडीत डावीकडे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची (रेअर अर्थ) खाण आहे. १९४९ मध्ये युरेनियम शोधायला आलेल्यांना हे खनिज सापडलं, आणि जुन्या रंगीत टीव्हीतल्या लाल रंगाला लागणारं युरोपियम, त्यातलंच एक मूलद्रव्य, इथूनच जायचं.

खिंड उतरताना समोर इव्हानपाची दरी उघडते, आणि या रस्त्यावरचं हेच माझं आवडतं दृश्य. डावीकडे २०१४ मध्ये सुरू झालेल्या सौर प्रकल्पाचे तीन मनोरे, प्रत्येकी ४५९ फूट. भोवती हजारो आरसे ऊन माथ्यावर फेकतात आणि मनोऱ्याचं टोक इतकं झगझगतं की बघवत नाही. समोर कोरडं तळं, आणि महामार्ग सरळ त्याच्या तळावरून जातो. बाबांनी विचारलं, "एवढी सपाट जमीन कुणी केली?" उत्तर त्यांना माहीत होतंच. साचलेल्या पाण्यातला गाळ थरावर थर बसत गेला. २००९ मध्ये याच सपाटीवर शिडाच्या चाकगाडीने ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. पाण्याने केलेल्या जमिनीवर पाण्याशिवाय चालणारी शिडाची नाव म्हणायची.

पलीकडे लगेच नेवाडा आणि पहिला कसिनो. तिथून व्हेगसपर्यंत मी फार बघितलं नाही, ट्रॅफिक होता.

जाणार असाल तर मार्च किंवा नोव्हेंबरात जा आणि सकाळी लवकर निघा. दुपारच्या उभ्या उन्हात डोंगरांचे रंग फिके पडतात. परतीला रविवारची दुपार टाळा, सगळं शहर तेव्हाच परत येतं. खिडकी उजवीकडची घ्या, सोडा लेकसाठी. खाण आणि मनोरे डावीकडे आहेत, त्याला इलाज नाही.