चिमटा, मगर आणि एक लोगो

ताईला लोगो हवा होता. ताई म्हणजे कॉलेजात मला दोन वर्षं पुढे होती ती; आता तिघींना सोबत घेऊन भाषांतराची कामं करते. "साधंसं काहीतरी कर गं. पण पृथ्वीचा गोळा नको," एवढीच तिची अट.

गोळा मी काढला नाही. पण पहिल्या दोन दिवसांत बोलण्याचे दोन फुगे काढले, पूल काढला, एकमेकांत अडकलेले बाण काढले. सगळं थेट कॉम्प्युटरवर, सगळं गुळगुळीत, आणि सगळं कुठेतरी आधी पाहिलेलं. 'भाषांतर' या शब्दाचं चित्र शोधायला बसलं की दुसऱ्यांनी काढून ठेवलेलीच चित्रं आठवतात, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग लॅपटॉप मिटला आणि घरात हाताला लागतील त्या वस्तू टेबलावर मांडल्या. सेफ्टी पिन, बटण, कप, किल्ली, कात्री, छत्री, कपड्यांचा लाकडी चिमटा. एकेक वस्तू जाड मार्करने, अर्ध्या मिनिटात काढायची. मार्कर मुद्दाम जाड घेतला, कारण बारीक पेन हातात असलं की मी लाकडाच्या रेषा नि सावल्या काढत बसते आणि लोगोऐवजी चित्रकलेच्या परीक्षेचा कागद तयार होतो.

पहिला धडा कोनाचा. कप वरून काढला तर दोन वर्तुळं आणि एक कान. कात्री कडेने काढली तर नुसती काठी. प्रत्येक वस्तूची एखादीच बाजू अशी असते की काळ्या शाईने भरून टाकली तरी ती ओळखू येते. तीही कधी कधी पुरत नाही. रॉब जॅनॉफने 1977 साली अ‍ॅपलसाठी सफरचंद काढलं, त्याचा लचका तोडलेला आहे तो यासाठीच. आख्खं फळ लहान आकारात चेरीसारखं दिसलं असतं. चेरीचा असा लचका कोणी तोडत नाही.

कागद भरला, पण कल्पना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. छान बटण होतं, बरी छत्री होती. त्यांचा भाषांतराशी संबंध लावायचा म्हणजे नंतर चार ओळींचं स्पष्टीकरण जोडावं लागणार, आणि लोगोसोबत आपण दारोदार फिरत नाही. तेव्हा प्रत्येक चित्राखाली वस्तूचं नाव खोडून ती काय करते ते लिहिलं. सेफ्टी पिन: टोचते आणि स्वतःचं टोक झाकते. बटण: फटीतून पलीकडे जाऊन आडवं होतं. किल्ली: उघडते (ही तर लोकांनी झिजवून टाकली आहे). चिमटा: मागे दाबलं की पुढे तोंड उघडतं.

ते वाक्य लिहिलं आणि चिमटा हातात घेऊन उघडझाप करत बसले. एका टोकाला कोणीतरी बोलतं, दुसऱ्या टोकाला तोंड उघडतं. दोन्ही पट्ट्या हुबेहूब सारख्या, समोरासमोर, मध्ये एक स्प्रिंग. यापेक्षा भाषांतर म्हणजे वेगळं काय असतं?

उघडलेला चिमटा बाजूने काढला. दोन तिरक्या पट्ट्या, मध्ये स्प्रिंगचं वर्तुळ. कागदाचा फोटो काढून ताईला पाठवला. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं: "मगर?"

मला वाटलं ताई हिंदीत शिरली. दिवसभर तीन भाषांत वावरते, होतं तिचं असं. मी उलट विचारलं, "मगर क्या?"

"अगं मगर! दात नसलेली. डोळा बघ की."

बघितलं. उघडा लांब जबडा आणि त्याच्यामागे नेमक्या जागी गोल डोळा. एकदा दिसल्यावर चिमटा परत दिसेचना. मी स्प्रिंग चौकोनी केली. चौकोनी डोळ्याची मगर झाली. खाली सरकवली, मगर पेंगुळली. शेवटी स्प्रिंग काढूनच टाकली आणि दोन पट्ट्यांमध्ये नुसती फट ठेवली. मगर गेली, पण चिमटाही गेला. उरली एखाद्या पक्ष्याची चोच.

खरा चिमटा पुन्हा डोळ्यांजवळ धरला तेव्हा तोंडाशी आतल्या बाजूला दोन खाचा दिसल्या, दोरी बसते ना, त्या अर्धगोल खाचा. इतकी वर्षं कपडे वाळत घालतेय, कधी पाहिल्या नव्हत्या. त्या दोन खाचा कोरल्या आणि चिमटा परत आला. स्प्रिंग दाखवायची गरजच नव्हती. फट दिसली की डोळा स्प्रिंग मनानेच भरतो. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेच्या 1961 पासूनच्या लोगोतल्या पांडाचं असंच आहे. त्याच्या पांढऱ्या अंगाला पुरती कडा नाही, काळे भाग तेवढे ठेवलेत आणि बाकीचा प्राणी बघणाऱ्याने पुरा करायचा. छपाईचा खर्च वाचावा हाही तो काळा-पांढरा निवडण्यामागचा एक विचार होता, हे मला फार आवडतं.

कॉम्प्युटरवर रेखीव करायला एक दुपार पुरली. एकच पट्टी काढायची, तिचं प्रतिबिंब घ्यायचं, अँकर पॉइंट, म्हणजे रेषा ज्या बिंदूंवर बेतलेली असते ते, जेवढे कमी तेवढी वळणं स्वच्छ. एका पट्टीची नुसती बाह्यरेषा ठेवावी, म्हणजे दोन भाषा वेगळ्या दिसतील, असा मोह झाला होता. पण ताईला हा लोगो भाषांतराच्या प्रतींवर रबरी शिक्क्यात हवा होता. शिक्क्याची शाई पसरते आणि बारीक रेषांचा चिखल होतो. म्हणून दोन्ही पट्ट्या भरीव, आणि फट मला योग्य वाटत होती त्याच्या दीडपट. ब्राउझरच्या टॅबवरच्या 16 बाय 16 पिक्सेलच्या चौकोनात तर खाचांना जागाच उरेना. तिथे त्या वगळल्या आणि तोंड थोडं जास्त उघडलं. गडद पार्श्वभूमीसाठी फट अजून किंचित वाढवली, कारण काळ्यावर पांढरं नेहमी जाड वाटतं.

ताईने मंजूर केला. फक्त एक गोष्ट राहून गेली. शेवटचा फोल्डर मी घाईत तसाच पाठवला, आणि तिच्या शिक्केवाल्याकडे, वेबसाइटवाल्याकडे आणि तिच्या तिघी सहकाऱ्यांकडे सगळीकडे ती फाइल आता 'मगर_7' याच नावाने फिरते आहे.