माकडं वाचवायला बायकांच्या पिशव्या कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

कुठेही बोलायला गेले, शाळा असो, बचतगटाचा मेळावा असो नाहीतर आमच्याच नात्यातलं हळदीकुंकू असो, हा प्रश्न येतोच. मी कोलंबियातल्या तिती माकडांबद्दल सांगत असते, सांगता सांगता प्लास्टिकच्या पिशव्या विणणाऱ्या तिथल्या बायकांवर येते, आणि मग कोणीतरी विचारतं, "ताई, हे सगळं छान आहे, पण माकडं वाचवायची तर जंगल वाचवा, शिकारी पकडा, यात बायकांच्या पिशव्या कुठून आल्या?" तोपर्यंत वेळ संपत आलेली असते, आभारप्रदर्शनवाले माइकपाशी उभे असतात, आणि उत्तर दोन वाक्यांत उरकावं लागतं. प्रश्न मात्र दोन वाक्यांचा नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर असं, की जंगलातून काय काय बाहेर जातंय आणि ते कोणाच्या गरजेपोटी जातंय हे तितींसाठी काम करणाऱ्या लोकांनी आधी नीट बघितलं, आणि तो माग काढत काढत ते गावातल्या घरांपर्यंत, पार चुलीपर्यंत पोचले. तिथे कोण बसलेलं असतं ते मी वेगळं सांगायला नको.

आधी माकडाबद्दल. तिती म्हणजे कॉटन-टॉप टॅमरिन. अर्धा किलो साखरेच्या पुडीपेक्षाही हलकं, अंगापेक्षा शेपूट लांब, आणि डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचा असा झुबका की एकदा फोटो बघितला की विसरत नाही. अख्ख्या जगात हे फक्त कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यात सापडतं, दुसरीकडे कुठेही नाही. घर पण बघण्यासारखं असतं यांचं. साधारण दोनापासून नवापर्यंत जणांचं कुटुंब, त्यात पिल्लं एकाच मादीला होतात, आणि बहुतेक वेळा जुळी. आता एवढ्याशा जिवाने जुळी पाठीवर घेऊन फांद्यांवरून उड्या मारायच्या म्हणजे काय होईल? म्हणून पिल्लं बाप उचलतो, मोठी भावंडं उचलतात, आई दूध पाजण्यापुरती घेते. आणि ही भावंडांची मदत म्हणजे नुसती मदत नाही हं, ते शिक्षण आहे. पिंजऱ्यातल्या तितींवर जो अभ्यास झाला त्यात दिसलं की ज्यांना लहानपणी धाकट्या भावंडांना सांभाळायला मिळालं नाही, त्यांना पुढे स्वतःची पिल्लं नीट वाढवता येत नाहीत. ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतेच, कारण पाळायला म्हणून एक पिल्लू पकडून नेलं तर एकच माकड कमी झालं असं लोकांना वाटतं, पण ते कुटुंबाबाहेर वाढलं की त्याच्या पुढची पिढीसुद्धा धोक्यात येते.

यांच्यावर संकट दोन बाजूंनी आलं. 1960 आणि 70 च्या दशकात वैद्यकीय संशोधनासाठी ही माकडं पकडून मुख्यतः अमेरिकेत पाठवली गेली, 20 ते 40 हजारांच्या दरम्यान गेली असावीत असा अंदाज आहे. कारण काय, तर पिंजऱ्यात ठेवलेल्या तितींना माणसासारखाच आतड्याचा दाह आणि आतड्याचा कॅन्सर होतो, त्यामुळे प्रयोगाला ती सोयीची पडली. 70 च्या दशकात तो व्यापार कायद्याने बंद झाला. पण जंगल तोडणं थांबलं नाही, गुरांच्या कुरणांसाठी, शेतीसाठी, लाकडासाठी. हे राहतात त्या पानगळीच्या कोरड्या जंगलापैकी कोलंबियात आज 8 टक्क्यांच्या आसपासच उरलंय. 2008 मध्ये तिती 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेलं, आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आकडा आला सुमारे 7,400. एवढीच. सगळी मिळून.

हा आकडा काढायला काय करावं लागलं तेही सांगते, कारण विज्ञान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. तिती दाट झाडीत असतं, माणूस दिसला की लपतं, नुसतं चालत जाऊन मोजायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. मग मोजणाऱ्या संशोधकांनी तितीचाच स्वभाव वापरला. आपल्या हद्दीत परक्या तितीचा आवाज आला की कुटुंब बघायला येतं, म्हणून रेकॉर्ड केलेली हाक स्पीकरवर वाजवत ठरलेल्या रेषेत चालायचं आणि समोर येतील ती मोजायची. आणि ज्या कुटुंबांचा रोजचा अभ्यास करायचाय त्यांना अलगद पकडून, माणसांचा हेअर डाय असतो ना, त्याने प्रत्येकाच्या केसांवर वेगळी खूण करायची, म्हणजे लांबून दुर्बिणीतून कळतं कोण कोण आहे. एकाच्या पाठीवर बारीकसा ट्रान्समीटर बांधायचा, दप्तरासारखा, म्हणजे अख्खं कुटुंब शोधता येतं.

या कामाची सुरुवात अ‍ॅन सॅव्हेज या अमेरिकन संशोधक बाईंनी 1980 च्या दशकाच्या मध्यात केली, 'प्रोयेक्तो तिती' नावाने. कोलंबियात तेव्हा बंडखोर, निमलष्करी टोळ्या, सगळंच चालू होतं, आणि 90 च्या दशकाच्या अखेरीला कोलोसो भागातलं पहिलं ठिकाण सोडून त्यांना दुसरीकडे जावं लागलं. इतकी वर्षं माणसं, माकडं ओळखीची झाली आणि मग तंबू उचलायचा, हे वाचताना मला फार लागतं. तरी काम बंद पडलं नाही. आज त्याची धुरा रोसामिरा गिय्येन सांभाळतात. त्या मूळच्या लँडस्केप आर्किटेक्ट, बारांकियाच्या प्राणीसंग्रहालयाच्या संचालक होत्या, आणि आता आयुष्य या अर्ध्या किलोच्या प्राण्याला वाहिलंय.

तर आता पिशव्या.

अभ्यासाच्या जागेजवळ लॉस लिमितेस नावाचं गाव आहे. कामं कमी, पैसे कमी. जंगलात जायची कारणं मात्र भरपूर: सरपण, कुंपणाचे खांब, विकायला एखादं पिल्लू. आणि गावात प्लास्टिकच्या पिशव्यांचा खच, कचरा उचलायची सोय नाही, पिशव्या उडून रानात जातात, गुरं खातात, तिथले प्राणीही खातात. आता या दोन गोष्टी एकत्र बघायला कोणालातरी सुचलं. त्या भागात खांद्याला लावायची विणलेली पिशवी, मोचिला म्हणतात तिला, पिढ्यान्‌पिढ्या विणली जाते, म्हणजे हात तयार होते. सुताऐवजी प्लास्टिक घ्यायचं. पिशव्या गोळा करायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, कापून लांबच लांब पट्टी काढायची, तिचा गुंडा करायचा आणि क्रोशाच्या सुईने विणत जायचं. एका मोचिलाला शंभराच्या वर पिशव्या लागतात. फोटोत तुम्ही झूम करून बघा, टाके इतके एकसारखे आहेत की हे कॅरीबॅगचं आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. सुरुवात पंधरा बायकांनी केली, पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली, आणि त्या पिशव्या परदेशात विकल्या जाऊ लागल्या. इको-मोचिला या नावाने.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. आपल्याकडे 'महिला सक्षमीकरण' म्हटलं की शिलाई मशीनचं वाटप, फोटो, नाश्ता, आणि सहा महिन्यांनी मशीन कपाटावर. मी बचतगटांमध्ये वावरते, मला हे माहितीये, आणि त्यात बायकांचा काही दोष नसतो. शिवलेलं घेणार कोण याचा विचारच कोणी केलेला नसतो. लॉस लिमितेसमध्ये वेगळं घडलं ते म्हणजे माल दर्जाचा केला, गिऱ्हाईक शोधलं, आणि पैसा नियमित आला. महिन्याला बाईच्या स्वतःच्या हातात पैसा आला की घरातल्या चर्चेत तिचा शब्द चालायला लागतो, हे मला कोणी अभ्यास करून सांगायची गरज नाही, तुम्हालाही नाही. आणि तो पैसा तितीमुळे येतोय हे तिला माहीत आहे. जंगल राहिलं, तिती राहिलं, तर लोक पिशवी विकत घेणार. मग उद्या घरातलं कोणी पिल्लू पकडायचं म्हणालं तर आधी कोणाशी गाठ आहे?

नुसत्या पिशवीवर थांबले असते तर मी एवढं कौतुक केलं नसतं. सरपणाचं बघा. त्या भागात बिंदे नावाची जुनी चूल आहे, पूर्वी वारुळाच्या मातीच्या ढेकळाची करायचे, तिचाच मातीचा सुधारलेला प्रकार यांनी घराघरात नेला. उघड्या चुलीपेक्षा लाकूड जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी लागतं. धूर कमी, फेऱ्या कमी, झाडं कमी तुटतात. ज्या बाईने मोळी वाहिलीये तिला यातलं कुठलंही वाक्य समजावून सांगावं लागत नाही. कुंपणाच्या खांबांसाठी जंगलातलं लाकूड जायचं तर टाकाऊ प्लास्टिकचे खांब केले. पोरांच्या गलोली होत्या, तर गलोल द्या आणि कापडी तिती घ्या. ती कापडी तितीसुद्धा गावच्या बायकांनी शिवलेली.

आता जे खरंय तेही सांगते. पिशव्या विणून जंगल परत उगवत नाही. जमीन लागते, आणि ती बहुतेक खाजगी मालकीची आहे. म्हणून गेली काही वर्षं सान हुआन नेपोमुसेनो भागात ही मंडळी जमीन विकत घेतायत, शेतकऱ्यांशी करार करून जंगलाचे तुकडे झाडांच्या पट्ट्यांनी जोडतायत, कारण तिती मोकळ्या कुरणातून सहसा पलीकडे जात नाही. पण मला सांगा, शेतकऱ्याच्या दारात जाऊन तुमच्या जमिनीवर झाडं लावू द्या म्हणायला तोंड कोणाला असतं? ज्यांनी आधी त्या भागातल्या घरांसाठी काहीतरी केलेलं असतं त्यांनाच ना.

हे एकाच ठिकाणचं नवल आहे असंही समजू नका. युगांडात बविंडी नावाचं जंगल आहे, पर्वतीय गोरिलांचं. 1996 मध्ये तिथल्या गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू गेलं. डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका तेव्हा तिथे पशुवैद्य होत्या. माग काढल्यावर दिसलं की रोग बहुधा माणसांकडून आलाय, गोरिला केळी खायला शेतात उतरतात आणि तिथे बुजगावण्याला घातलेले जुने कपडे हाताळतात. म्हणजे गावात खरूज असेल तोवर गोरिला निरोगी राहू शकत नाहीत! त्यांनी 2003 मध्ये संस्था काढली ती थेट माणसांच्या आरोग्यापासून सुरुवात करणारी, गावातलेच स्वयंसेवक घरोघरी जाऊन स्वच्छता, आजार आणि कुटुंबनियोजनाबद्दल बोलतात. गोरिलांसाठी काम करणारी पशुवैद्य बायकांच्या पाळणा लांबवण्याबद्दल का बोलते, हा प्रश्न तिथेही विचारला गेला असणार, आपल्या पिशव्यांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊच आहे तो. पर्वतीय गोरिलांची संख्या आज हजाराच्या वर आहे आणि 2018 मध्ये ते 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आले. त्यात इतर अनेकांचे कष्ट आहेत, पण गावातल्या आजारांकडे कोणी बघितलंच नसतं तर हे कसं झालं असतं?

कोकणात बोलताना यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, की तुमची तिती राहू दे, आमच्या बागेत माकडं आणि वानर नारळ-केळी ठेवत नाहीत, त्याचं काय? विचारणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न गेलेलं असतं, आणि त्याला मी प्राणिप्रेमाचं भाषण देणार नाही. बविंडीतही गोरिलांवर प्रेम करा म्हणून भागलं नाही, गोरिला शेतात उतरले की त्यांना न मारता परत जंगलाकडे वळवणाऱ्या गावकऱ्यांच्या टोळ्या उभ्या कराव्या लागल्या. आपल्याकडे काय चालेल ते आपल्याकडेच बघून ठरवावं लागेल, कुठल्या महिन्यात येतात, कुठून येतात, आधी कोणाच्या बागेत उतरतात. आणि हे विचारायचं झालं तर दिवसभर डबा वाजवत परड्यात उभी असते तिला आधी विचारा, ग्रामसभेत पुढच्या खुर्चीवर बसलेल्याला नंतर.

शेवटी, पिशवी कुठे मिळते असंही बऱ्याच जणी विचारतात. प्रकल्पाकडून मिळते, अमेरिकेतल्या काही प्राणीसंग्रहालयांच्या दुकानांतही ठेवतात, तिकडे कोणाची लेक-सून असेल तर तिला आणायला सांगा, कापडी तिती पण मागा. आणि कोणी कधी कोलंबियाला फिरायला गेलात, कार्टाहेनाच्या रस्त्यावर कोणी माकड नाहीतर स्लॉथ तुमच्या हातात देऊन फोटो काढा म्हणाला, तर कितीही गोड दिसलं तरी पैसे देऊ नका, कारण तुमच्या पैशांवरच पुढचं पिल्लू पकडलं जातं.