पाट्या वर करा!

इंग्लंडात, लीड्समधल्या माझ्या गणिताच्या तासाला पहिली पाच मिनिटं ठरलेली असतात. बारा-तेरा वर्षांची तीस मुलं, प्रत्येकासमोर वहीएवढी पांढरी प्लास्टिकची पाटी, मार्कर आणि पुसायला फडकं. फळ्यावर चार प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा, एक गेल्या सत्रातला. वही उघडायची नाही, शेजारी बघायचं नाही. मी ‘तीन, दोन, एक’ म्हटलं की तीस पाट्या एकदम वर येतात. कोणाचं काय चुकलंय ते मला एका नजरेत कळतं. त्याला गुण नसतात आणि त्याची नोंदही होत नाही.

इथे आले तेव्हा मला हा वेळेचा अपव्यय वाटला होता. साताऱ्यात अकरा वर्षं शिकवताना डोक्यात एकच धास्ती असायची, पोर्शन कधी संपणार? इथे तर रोज मागचंच विचारत बसायचं! आमच्या विभागप्रमुख बाईंनी तेव्हा शांतपणे एक संशोधन समजावलं. त्यानंतर माझं शिकवणं बदललं.

2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांनाच.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं आणि ती ओळख आपल्याला ज्ञान वाटते. आठवायला मात्र मेंदूला कष्ट पडतात, आणि त्या कष्टांतूनच ती वाट पक्की होत जाते. विसरायला लागण्याच्या बेताला पुन्हा आठवलं तर अधिकच पक्की. शिकलेलं किती झपाट्याने निसटतं हे जर्मनीच्या एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्येच दाखवून दिलं होतं.

हे सगळं ऐकताना मला अण्णांचा परवचा आठवत होता. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओळीने बसायचं, पाढे, पावकी, निमकी, दिडकी म्हणायची. नुसतं एका सुरात म्हणून अण्णा सोडायचे नाहीत. मध्येच बोट दाखवून विचारायचे, ‘सत्तावीस सक?’ तिथे चाल उपयोगी पडायची नाही, बासष्टासे स्वतः शोधून आणावं लागायचं. घोकंपट्टी म्हणून आपण परवचा टाकून दिला. त्यातलं ते मधेच विचारणं तरी ठेवायला हवं होतं.

यंदा जुलैअखेर सुट्टीला घरी, साताऱ्याला गेले. पाऊस असा की अजिंक्यतारा चार दिवस दिसलाच नाही. भाची दहावीला. विज्ञानाच्या पुस्तकात श्वसनाचं अख्खं पान पिवळं करून ठेवलेलं, आणि रात्री एकपर्यंत जागरण. ‘आत्या, माझं पाठ झालंय हे.’ मी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद पुढे केला. तिने ग्लुकोज लिहिलं, बाण काढला, पायरुविक आम्ल लिहिलं. पुढचा बाण काढून पेन थांबलं. बराच वेळ ती त्या बाणाकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाईट वाटलं, पण तो थांबलेला बाण तिला मार्चमध्ये नव्हे, आज सापडला होता. मग तिनेच पुस्तक उघडून तेवढंच बघितलं, मिटलं, आणि क्रेब चक्रापर्यंत पोहोचली. दहाला झोप, हेही मी बजावलं. नवं शिकलेलं सुरुवातीला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सांभाळतो. गाढ झोपेत ते मेंदूत पुन्हा जागं होतं आणि हळूहळू कायमच्या जागी मुरतं. जागून वाचणारं मूल ही मुरण्याची वेळच कापून टाकतं.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांना आमच्या नात्यातल्या एकांनी हजारो रुपये भरले होते. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो कोणी चालू करून द्यावा लागत नाही. मूल बघून शिकणारं की ऐकून, हे ठरवून तसंच शिकवलं तर ते जास्त शिकतं, यालाही 2008 च्या मोठ्या आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. मेंदूचं नाव घेऊन कोणी काही विकायला आलं तर कृपा करून आधी चौकशी करा.

वहिनी आठवीला गणित शिकवते. वर्गात 58 मुलं. ती म्हणाली, ‘तुझं तीस मुलांचं ठीक आहे गं, मी काय करू?’ प्रश्न रास्त होता. आम्ही दोघी मोती चौकाकडे गेलो. तीन दुकानांत ‘पाटी? आता कोण घेतंय?’ हेच ऐकलं. चौथ्या दुकानदाराने माळ्यावरून दोन खोकी काढली, लाकडी चौकटीच्या जुन्या दगडी पाट्या, धुळीने माखलेल्या. साठ घेतल्या, पेन्सिलींसकट.

मी परत आल्यावर वहिनीचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. तिने विचारलं होतं, 2 चा −3 वा घात किती? उत्तर 1/8, पण बावीस पाट्यांवर −6. ‘अगं, यातली निम्मी मुलं रोज मान डोलावतात,’ ती म्हणत होती. तिने पोर्शन थांबवून तेवढंच पुन्हा शिकवलं. दुसऱ्या दिवशी −6 च्या सात पाट्या उरल्या. गुरुवारी न सांगता पुन्हा विचारणार आहे.