मक्याला तागाचा बेवड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वाळवा-पलूसपासून कोरेगाव-फलटणपर्यंत प्रश्न एकच असतो: "मक्याआधी ताग किंवा धैंचा गाडला, तर एकरी किती क्विंटल वाढतील?" ताग आणि धैंचा ही हिरवीच जमिनीत गाडून खत करायची पिकं, आणि बेवड म्हणजे मुख्य पिकाआधी त्याच रानात घेतलेलं पीक.

रान न बघता यावर आकडा सांगता येत नाही. ज्या मक्याला युरियाची पूर्ण मात्रा मिळते, त्याचं धान्य तागामुळं फारसं वाढत नाही. जिथं नत्र, म्हणजे नायट्रोजन, अपुरं पडतं, रान कडक होऊन पाणी मुरेनासं झालंय, तिथं फरक कणसात दिसतो. तोही ताग वेळेवर गाडला तरच.

ही वेळ म्हणजे पेरणीनंतर ४५ ते ५० दिवस, फुलं नुकती दिसू लागतात तेव्हा. काडी नखानं दबली पाहिजे. एकरी २० ते २५ किलो बी दाट फोकलं की काड्या बारीक आणि लुसलुशीत राहतात. विरळ पेरला की बुंधे जाड होतात. फुलं उलटून शेंगा धरल्या की तागाचा वाख, म्हणजे सालीचा चिवट धागा, तयार होतो, तो रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतो आणि जमिनीत लवकर कुजत नाही. असं काष्ठ कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी जमिनीतलंच नत्र ओढतात आणि वर मका पिवळा पडतो. "ताग गाडला आणि मकाच बसला," अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेकदा हेच घडलेलं असतं. कोवळा ताग फळीनं आडवा पाडून त्याच दिशेनं पलटी नांगर चालवावा. मग ओल धरून १० ते १५ दिवस थांबावं. कोरड्या मातीत गाडलेला ताग नुसता वाळतो.

फार आधी गाडणंही तोट्याचं. रब्बीचा मका ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरायचा आणि ताग जुलैतच गाडला, तर सुटं झालेलं नत्र सप्टेंबरच्या पावसात खाली वाहून जातं. काळ्या रानात पाणी साचलं तर ते हवेतही उडतं. म्हणून तागाची पेरणी जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धरावी. खरिपाच्या मक्याला मात्र ताग एप्रिलअखेर पाण्यावरच घ्यावा लागतो. पाण्याची पाळी हमखास नसेल, तर त्या फंदात पडू नये. तागापायी मक्याची पेरणी लांबली, तर बेवडाचा फायदा तिथंच जातो.

आता युरिया किती कमी करायचा? चांगला ताग एकरी ६ ते ८ टन हिरवा पाला देतो, म्हणजे साधारण ३० किलो नत्र. पहिल्या पिकाच्या हाती त्यातलं निम्मंच धरावं. मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे एकरी ४८ किलो, युरियाच्या हिशोबात १०५ किलो, तीन हप्त्यांत. पेरणीचा हप्ता कापू नका, कारण कुजण्याच्या त्या दिवसांत जिवाणूच नत्र धरून बसतात. ३० दिवसांचा, सुमारे ३५ किलो युरियाचा हप्ता वगळता येतो. तुऱ्याआधीचा द्यावाच. मधल्या काळात खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेलगत पिवळी पडू लागली, तर वगळलेला हप्ता लगेच द्या.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि एकरभर तागाचं बी वाचलेल्या युरियापेक्षा कितीतरी महाग पडतं. नुसत्या युरियासाठी ताग परवडत नाही. तो करावा जमिनीसाठी: रान भुसभुशीत राहतं, वाफसा लवकर येतो, ओल टिकते. बी विकत घेणं जड जात असेल, तर रब्बी मक्याआधी मूग बरा. ६५ दिवसांत दोन तोडे घ्यावेत आणि हिरवी झाडं गाडावीत. बरंचसं नत्र दाण्यातून निघून जातं, म्हणून युरियात मोठी कपात धरू नये. पण हातात पैसे येतात.

एक तपासणी कुणीच करत नाही आणि खरं तर ती फुकट आहे. ताग पेरल्यावर ३० दिवसांनी त्याची पाच-सहा झाडं मुळासकट हलक्या हातानं उपटा आणि मुळांवरच्या गाठी फोडा. आतून गुलाबी-लाल असतील तर नत्र बांधलं जातंय. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर ताग जमिनीतलंच नत्र खाऊन वाढतोय. पुढच्या वेळी बियाण्याला १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवरच्या गाठीत नत्र बांधणारं जिवाणू खत) चोळा आणि एकरी एक गोणी सुपर फॉस्फेट द्या. तागाला युरिया टाकू नका. आयतं नत्र मिळालं की गाठी धरत नाहीत.

कृष्णाकाठच्या चोपण (क्षारानं बिघडलेल्या), पाणथळ रानाला ताग नको, धैंचा घ्या. तो उभ्या पाण्यातही तग धरतो. माण, जत, आटपाडीच्या जिरायतीत मक्याआधी दोन्ही नकोत. रब्बीची ओल हा बेवडच पिऊन टाकतो. आणि ज्या रानात सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारी बारीक कृमी, आहे, पुढं हळद किंवा टोमॅटो घ्यायचाय, तिथं चवळी टाळा. चवळीवर मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी वाढते, तागावर ती वाढत नाही.

क्विंटलचा आकडा मात्र तुमच्याच रानातून काढा. मधोमध एक पट्टा ताग न पेरता सोडा आणि तिथं युरियाचे तिन्ही हप्ते द्या. काढणीला दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा मोडा, दाणे सारखे वाळवा, वजन करा. गुंठ्याचे किलो गुणिले ४० म्हणजे एकरी किलो. पट्टा बांधाकडेला किंवा पाटाच्या तोंडाशी धरू नका, तिथला मका तसाही वेगळाच येतो.